अ‍ॅनिमे पारखताना: श्रेय कोणाचं आणि दोष कोणाचा

नव्वदच्या दशकात रविवारी दूरदर्शनसमोर बसलेल्या पिढीला मोगली आठवतो, गुलजारांचं ‘जंगल जंगल बात चली है’ आठवतं आणि शेरखानच्या तोंडून येणारा नाना पाटेकरांचा आवाजही आठवतो. आपण अ‍ॅनिमे, म्हणजे जपानी अ‍ॅनिमेशन, पाहतो आहोत हे मात्र तेव्हा बहुतेकांच्या गावीही नव्हतं. निप्पॉन अ‍ॅनिमेशन या जपानी स्टुडिओने १९८९ मध्ये काढलेली ती ५२ भागांची मालिका. पुढच्या पिढीला डोरेमॉन आणि शिनचॅन मिळाले. आणि आज कोल्हापूर-नाशिकच्या कॉलेजातली मुलं टोकियोत नवा भाग लागला की काही तासांत तो पाहतात आणि त्यावर भांडतातही.

त्या भांडणांत काही वाक्यं सारखी येतात. ‘अ‍ॅनिमेशन घसरलं.’ ‘स्टुडिओने वाट लावली.’ ‘नुसते फिलर आहेत.’ ‘मांगा यापेक्षा शंभरपट चांगला.’ प्रत्येक वाक्यात तथ्य असू शकतं. पण ती वस्तू कशी तयार होते हे माहीत नसेल, तर शाबासकी एकाला आणि शिव्या दुसऱ्याला, असं होत राहतं. परीक्षण म्हणजे दहापैकी किती गुण एवढंच नव्हे. जे चांगलं झालं ते कोणामुळे आणि जे बिघडलं ते कुठे, हे सांगता आलं पाहिजे. ते सांगायला काय माहीत असावं लागतं, त्यासाठी हा लेख.

सुरुवात कागदापासून करू, कारण बहुतेक गाजलेल्या मालिकांचं मूळ मांगात, म्हणजे जपानी चित्रकथेत असतं. मांगा आपल्या हाती पुस्तकाच्या रूपात येतो, पण तो लिहिला जातो नियतकालिकासाठी. दिवाळी अंकांच्या आणि मासिकांच्या काळात ‘क्रमशः’ कादंबऱ्या वाचलेल्या माणसाला हे चटकन कळेल. ‘शोनेन मॅगझिन’ आणि ‘शोनेन संडे’ ही दोन साप्ताहिकं १९५९ मध्ये निघाली, ‘शोनेन जंप’ १९६८ मध्ये. नव्वदच्या दशकाच्या मध्याला जंपचा एकेक अंक ६५ लाखांच्या वर छापला जात होता. एका अंकात वीसच्या आसपास कथा, प्रत्येक कथेचं दर आठवड्याला साधारण १९ पानांचं एक प्रकरण. लेखक आणि चित्रकार बहुधा एकच माणूस असतो. तो आधी कच्चा आराखडा काढतो, त्याला तिथे ‘नेमु’ म्हणतात. संपादक तो तपासतो, बदल सुचवतो, कधी सगळाच परत पाठवतो. मग सहायकांना हाताशी घेऊन पक्की पानं. तोवर पुढचा आठवडा दारात उभा असतो.

जंपच्या अंकात वाचकांसाठी एक पोस्टकार्ड असायचं: या अंकातल्या कोणत्या तीन कथा सर्वांत आवडल्या? त्या उत्तरांवर कथांचं भवितव्य ठरे. ज्या कथेला मतं नाहीत ती वीसेक प्रकरणांत गुंडाळली जाई. आता मतं ऑनलाइनही घेतात, पण तलवार तशीच टांगलेली आहे. म्हणून साप्ताहिक मांगाचं प्रत्येक प्रकरण श्वास रोखायला लावून थांबतं, पहिल्या काही प्रकरणांतच सगळी ताकद ओतलेली असते, आणि लोकप्रिय कथा लेखकाच्या मनातल्या शेवटापलीकडे लांबत जाऊ शकते. ‘दर वीस पानांनी उगाच धक्का देतो’ ही तक्रार एकगठ्ठा खंड वाचणाऱ्याची आहे. आठवडाभर थांबून वाचणाऱ्याला तोच धक्का हवा होता. परीक्षकाने आपण कथा कशी वाचली हे आधी सांगावं, कारण त्यावर निम्मं मत ठरतं.

इथेच एक गैरसमज दूर करायला हवा. ‘शोनेन’, ‘शोजो’, ‘सेइनेन’ आणि ‘जोसेइ’ हे कथांचे प्रकार नाहीत. मासिक कोणत्या वाचकासाठी निघतं त्याची ती नावं आहेत: मुलगे, मुली, तरुण आणि प्रौढ पुरुष, तरुण आणि प्रौढ स्त्रिया. शोनेनच्या मासिकात मारामारीही असते, प्रेमकथाही असते आणि स्वयंपाकाची गोष्टही असते. तेव्हा ‘हा शोनेन असून इतका गंभीर कसा’ या प्रश्नाला फारसा अर्थ उरत नाही.

मांगा उजवीकडून डावीकडे वाचतात हे आता सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्याचा परिणाम पान उलटण्यावर होतो, हे सहसा कोणी बोलत नाही. समोरासमोरच्या दोन पानांत डावं पान शेवटी वाचलं जातं आणि त्याच्या खालच्या कोपऱ्यातल्या चौकटीनंतर आपण पान उलटतो. चांगला चित्रकार त्या कोपऱ्यात प्रश्न ठेवतो. कोणीतरी मागे वळून पाहतं, एखादं दार किलकिलं होतं. उत्तर पान उलटल्यावर, पूर्ण पानभर. फोनवर एकेक पान वर सरकवत वाचताना हा सगळा हिशेब हरवतो. चित्रांवर मत द्यायचं असेल तर निदान एक खंड तरी कागदावर वाचावा, असं मी आवर्जून सांगेन.

आता पडद्याकडे वळू. दूरचित्रवाणीवरच्या जपानी अ‍ॅनिमेची घडी बसली ती १ जानेवारी १९६३ ला. ओसामु तेझुका यांच्या मुशी प्रॉडक्शनची ‘अ‍ॅस्ट्रो बॉय’ त्या दिवशी सुरू झाली. दर आठवड्याला अर्ध्या तासाचा भाग, माणसं थोडी, पैसे त्याहून थोडे. पडद्यावर सेकंदाला २४ फ्रेम जातात. हालचाल अगदी मऊसूत हवी तर तितकीच चित्रं काढावी लागतात. तेझुकांच्या चमूने एकेक चित्र तीन-तीन फ्रेम धरून ठेवलं, म्हणजे सेकंदाला आठच चित्रं. चेहरा स्थिर ठेवून फक्त ओठ हलवले. पात्र जागच्या जागी ठेवून मागचं दृश्य सरकवलं. काढलेली चित्रं जपून ठेवून पुन्हा वापरली.

ही काटकसर होती, पण पुढच्या दिग्दर्शकांनी त्याच काटकसरीची भाषा केली. ओसामु देझाकी ऐन प्रसंगात चित्र गोठवत आणि ते रंगवलेल्या चित्रासारखं करून टाकत. तो क्षण मनात रुतून बसे. हिदेआकी आन्नो यांच्या ‘इव्हँजेलियन’च्या २४ व्या भागात एकच चित्र जवळजवळ मिनिटभर हलत नाही आणि मागे बेथोव्हनची नववी सिंफनी वाजत राहते. समोर एक निर्णय घ्यायचा आहे, तो घेववत नाही, आणि आपल्यालाही नजर हटवता येत नाही. पैसे आणि वेळ दोन्ही कमी होते म्हणून तसं केलं असेलही. पण पाहणाऱ्याच्या छातीवर येणारा दाब खरा आहे. म्हणून ‘इथे चित्र हलत नाही’ एवढंच नोंदवून थांबू नये. ते का हलत नाही आणि त्या स्थिरतेने प्रसंगाला काय दिलं, हे लिहावं.

उलटंही होतं. ‘नारुतो शिप्पुडेन’च्या १६७ व्या भागातली लढाई आठवा. चेहरे वितळल्यासारखे, हातपाय रबरासारखे ताणलेले. त्यातल्या एकेक फ्रेमचे फोटो काढून लोकांनी वर्षानुवर्षं चेष्टा केली. पण वेगवान हालचालीत मधली चित्रं मुद्दाम ताणून काढायची पद्धत जुनी आहे. डोळ्याला ती वेगळी दिसत नाहीत, वेग म्हणून जाणवतात. तो भाग आवडायलाच हवा असं मुळीच नाही. त्याची शैली आधीच्या भागांशी इतकी फटकून आहे की एखाद्याचं लक्ष विचलित होऊ शकतं, आणि ही टीका रास्त आहे. मात्र ती करावी चालत्या दृश्यावरून. चालती गोष्ट थांबवून तिचं मोल ठरवणं म्हणजे तानेतला एकच सूर ऐकून गाणाऱ्याला बेसूर म्हणणं.

हे सगळं काढतं कोण? सगळ्यात आधी दिग्दर्शक किंवा त्या भागाचा कलाकार स्टोरीबोर्ड, म्हणजे दृश्यांचा चित्रांतला आराखडा, काढतो, त्याला ‘एकोन्ते’ म्हणतात: कुठला कोन, किती सेकंद, कोण काय बोलतं. मग मुख्य चित्रकार हालचालीतले महत्त्वाचे टप्पे काढतात, ती ‘गेंगा’. टप्प्यांच्या मधली चित्रं भरणारे वेगळे, त्यांचं काम ‘दोगा’. हे मधलं काम बऱ्याचदा नवखी मुलं करतात किंवा ते देशाबाहेर जातं, आणि त्याचा मोबदला एका चित्रामागे दोनशे येनच्या आसपास, म्हणजे शंभर-सव्वाशे रुपये, इतका तुटपुंजा असल्याचं पुन्हा पुन्हा समोर आलेलं आहे. वेगवेगळ्या हातांनी काढलेले चेहरे एकसारखे दिसावेत म्हणून ‘साकुगा कान्तोकु’, म्हणजे चित्रांवर देखरेख ठेवणारा, ती सुधारतो. एखाद्या भागात पात्रांचे चेहरे भलतेच दिसत असतील, तर बहुतेक वेळा सुधारायला वेळच उरलेला नसतो. चित्रकारांना चित्र काढता येत नाही असा त्याचा अर्थ नसतो. अशा वेळी मी ‘घाईत झालेला भाग’ असं लिहितो. त्यामागे कोणीतरी रात्र जागून काढलेली असते, म्हणून ‘भंगार’ हा शब्द माझ्या हातून उमटत नाही.

यातून पुढचा मुद्दा निघतो: स्टुडिओचं नाव म्हणजे गुणवत्तेचा शिक्का नव्हे. पुष्कळ मुख्य चित्रकार स्वतंत्रपणे काम करतात. आज इथे, उद्या तिथे. ‘वन पंच मॅन’चं पहिलं पर्व २०१५ मध्ये मॅडहाउसमधून आलं आणि त्यातल्या लढायांनी लोक वेडे झाले. ते काम घडलं दिग्दर्शक शिंगो नात्सुमे यांच्या शब्दाखातर जमलेल्या चित्रकारांमुळे. २०१९ चं दुसरं पर्व जे. सी. स्टाफकडे गेलं, दिग्दर्शक बदलला, ती मंडळी पांगली, आणि फरक पहिल्याच भागात दिसला. दोष द्यायचा तर नव्या स्टुडिओलाच द्यावा असं वाटतं, पण पहिल्या पर्वाची माणसं जमवणं हाच अपवाद होता. म्हणून भाग संपल्यावर पडद्यावरून सरकणारी नावं पाहायची सवय लावावी. जपानी वाचता येत नसेल तरी आवडलेल्या भागाचा दिग्दर्शक कोण ते शोधून ठेवावं. दहा-बारा मालिकांनंतर तीच नावं पुन्हा भेटू लागतात आणि ओळख जमते.

आता पैशाकडे येतो, कारण अर्धवट सुटणाऱ्या मालिकांचं कोडं तिथे उलगडतं. बहुतेक मालिकांमागे एक निर्मिती समिती असते. प्रकाशक, वाहिनी, संगीत कंपनी, खेळणी बनवणारे असे सगळे आपापला वाटा घालतात, आणि नफाही त्याच प्रमाणात वाटून घेतात. चित्रं काढणारा स्टुडिओ पुष्कळदा या समितीत नसतोच. ठरलेली रक्कम घ्यायची आणि काम करून द्यायचं. मालिका कितीही गाजली तरी बाहुल्यांच्या विक्रीतला पैसा त्याच्याकडे येत नाही. ‘डेमन स्लेयर’च्या समितीत मात्र तिघेच होते: अ‍ॅनिप्लेक्स, प्रकाशक शुएइशा आणि स्टुडिओ युफोटेबल. मांगा २०१६ पासून चालू होता आणि बरा चालला होता. २०१९ ची मालिका आल्यावर, विशेषतः १९ व्या भागानंतर, त्याच्या खंडांवर लोक तुटून पडले.

प्रकाशकाला हेच हवं असतं. बारा-तेरा भागांच्या एका हंगामाला ‘कूर’ म्हणतात. जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबर या चार महिन्यांत नव्या मालिका सुरू होतात. अनेक मालिका एका कूरमध्ये मांगाची जेमतेम सुरुवात दाखवून थांबतात, कारण पुढचं वाचायला माणसाने दुकानात जावं, असाच बेत असतो. अशा मालिकेला ‘शेवट जमला नाही’ म्हणणं चुकीचं. ‘ही मालिका पूर्ण गोष्ट सांगत नाही, पुढचं मांगात आहे’ असं वाचकाला स्वच्छ सांगावं. परीक्षणाचा त्याला तेवढा उपयोग झालाच पाहिजे.

फिलरचा, म्हणजे मांगात नसलेल्या भरतीच्या भागांचा, उगमही असाच. मांगा आठवड्याला एक प्रकरण पुढे जातो आणि मालिका एका भागात दोन-तीन प्रकरणं खाते. वर्षभर न थांबता चालणारी मालिका मांगाला गाठतेच. मग करायचं काय? प्रमुख पाहुणे आले नाहीत की कीर्तनकार आख्यान लांबवतो, तसं. मूळ ‘नारुतो’ मालिकेच्या २२० भागांपैकी १३५ व्या भागानंतरचा जवळजवळ सगळा ऐवज मांगात नसलेला आहे. ‘वन पीस’ने दुसरी वाट धरली: एका भागात एकच प्रकरण, त्यात लांबलेल्या नजरा आणि आदल्या भागाची उजळणी. मराठीत रोजच्या मालिका पाहणाऱ्या घरांना हा प्रकार समजावून सांगायला नको. गेल्या काही वर्षांत हंगामाहंगामाने, मध्ये थांबत मालिका काढायची पद्धत रुळली, त्याचं एक मोठं कारण हेच.

पण मांगाला गाठल्यावर तिसरी वाटही असते, आणि ती मला सर्वांत मोलाची वाटते. ‘फुलमेटल अल्केमिस्ट’चं उदाहरण प्रत्येक परीक्षकाने एकदा नीट अभ्यासावं. हिरोमु आराकावा या होक्काइदोतल्या दुग्धशेतीवर वाढलेल्या लेखिकेचा हा मांगा २००१ ते २०१० या काळात मासिकातून आला, २७ खंड झाले. दोन भाऊ, मेलेल्या आईला किमयेने परत आणायचा प्रयत्न, आणि त्याची भयंकर किंमत. कथेचा पाया एक नियम आहे: काही मिळवायचं तर तेवढ्याच मोलाचं काही द्यावं लागतं.

बोन्स या स्टुडिओने २००३ मध्ये त्यावर ५१ भागांची मालिका काढली तेव्हा मांगा सुरुवातीच्या टप्प्यात होता. दिग्दर्शक सेइजी मिझुशिमा आणि लेखक शो आइकावा यांनी आराकावांच्या संमतीने अर्ध्यावरून वेगळी वाट घेतली: वेगळे खलनायक, वेगळा शेवट. मग २००९ मध्ये त्याच स्टुडिओने यासुहिरो इरिए यांच्याकडे दिग्दर्शन देऊन ६४ भागांत मांगा जसाच्या तसा उभा केला. मांगाचं शेवटचं प्रकरण जून २०१० मध्ये छापून आलं आणि मालिकेचा शेवटचा भाग जुलैत लागला, इतकं ते जुळवून आणलं होतं.

चाहत्यांच्या जगात दुसरी मालिका ‘खरी’ आणि पहिली ‘बिघडलेली’ असं बरीच वर्षं चाललं. मीही तसंच मानत होतो. मग दोन्ही पाठोपाठ पाहिल्या. कथेत एका लाडक्या पात्राचा मृत्यू आहे. कोणाचा ते सांगत नाही, कारण पहिल्यांदा पाहणाऱ्याचा तो हक्क आहे. पहिल्या मालिकेत तो २५ व्या भागात येतो, दुसरीत दहाव्या. पहिलीत तोवर आपण त्या माणसाच्या घरी जेवून आलेलो असतो म्हणा ना. दुसरी मालिका सुरुवातीचे प्रसंग झपाझप उरकते, प्रेक्षकांना ते ठाऊकच आहेत असं धरून चालल्यासारखी. पण शेवटाकडे जाताना तीच मालिका वीस-वीस पात्रांचे धागे एका दिवसाच्या लढाईत असे गुंफते की पहिलीला ते जमलं नसतं. आणि मुख्य म्हणजे देण्याघेण्याच्या त्या नियमाकडे दोघी वेगळ्या नजरेने पाहतात. पहिली त्या नियमावरच शंका घेते. जग इतकं न्यायी असतं का, असं विचारते. दुसरी म्हणते, मिळालेल्यात आपलं थोडं घालून पुढे देता येतं. एक उदास, एक आशावादी, आणि दोन्ही प्रामाणिक. ‘मांगाशी किती जुळतं’ एवढीच फूटपट्टी हाती असेल, तर पहिल्या मालिकेतलं काहीच दिसणार नाही.

मराठीत लिहिणाऱ्या परीक्षकाकडे एक जमेची बाजू आहे, तिचा आपण पुरेसा वापर करत नाही. आपण बहुतेक मालिका इंग्रजी उपशीर्षकांतून पाहतो, आणि इंग्रजीत सगळ्यांना एकच ‘यू’. जपानीत मात्र कोण कोणाला कसं हाक मारतो यात अख्खं नातं असतं. आडनावाला ‘सान’ लावून बोलणारा मुलगा एक दिवस मुलीला नुसत्या नावाने हाक मारतो आणि वर्ग स्तब्ध होतो. इंग्रजी वाचणाऱ्याला कळतच नाही काय झालं. आपल्याला मात्र ‘अहो देशपांडे’वरून ‘अगं मीरा’वर येणं म्हणजे काय, हे सांगावं लागत नाही. असा प्रसंग परीक्षणात उलगडून दाखवला, तर वाचकाला ती मालिका नव्याने दिसते.

आवाजांचंही तसंच. मांगाच्या पानांवर आवाज मोठाल्या अक्षरांत काढलेले असतात, चित्राचाच भाग म्हणून. काळीज ‘दोकी दोकी’ करतं, आपलं धडधडतं. ढग ‘गोरो गोरो’ करतात, आपले गडगडतात. चांदण्या ‘किरा किरा’, आपल्या लुकलुक. इंग्रजी अनुवादक इथे अडखळतात, पण ज्या भाषेत वस्तू धाडकन पडते, पान सळसळतं आणि माणूस गपकन बसतो, त्या भाषेला हे परकं नाही. फक्त एक आवाज आपल्याकडेही नाही. जपानीत शांततेलाही शब्द आहे: ‘शीन’. रिकाम्या खोलीत, कोणी काहीच बोलत नसताना, तो पानावर लिहिलेला असतो.

आणि ताकेहिको इनोउए यांनी तोही पुसून टाकला. त्यांचा बास्केटबॉलवरचा ‘स्लॅम डंक’ १९९० ते १९९६ जंपमध्ये चालला. १०१ भागांची दूरचित्रवाणी मालिका अखेरच्या मोठ्या सामन्याच्या आधीच थांबली होती, त्यामुळे तो सामना फक्त कागदावर होता. त्याचे शेवटचे काही क्षण पानांमागून पानं येतात, आणि त्यांत संवाद नाहीत, आवाजाची अक्षरंही नाहीत. फक्त धावणारे पाय, चेंडू, घाम. डिसेंबर २०२२ मध्ये इनोउए यांनी स्वतः दिग्दर्शित केलेला चित्रपट आला. त्या क्षणांशी पोहोचल्यावर चित्रपटातला आवाज नाहीसा होतो. कागदावर वाचक आपल्या गतीने पान उलटत होता, कोणी हळू, कोणी अधाशासारखं. चित्रपटगृहात मात्र सगळ्यांना एकाच गतीने श्वास रोखावा लागतो. मी दोन्ही अनुभवलं, आणि कोणतं सरस हे मला आजही ठरवता येत नाही. पण पहिल्यांदा वाचताना त्या पानांवर मी नकळत भराभर पानं उलटत होतो आणि चित्रपटात मला तसं करता आलं नाही, एवढं मी त्याच्या परीक्षणात सगळ्यात वर लिहिलं होतं.